चौथी बाजू

गाण्याच्या मैफलीत जाणकार ऐकणारा एखाद्या जागेसाठी थांबलेला असतो. बंदिश सगळ्यांना ठाऊक असते, राग ओळखीचा असतो, पण गायक एका स्वरावर किंचित रेंगाळून सम गाठतो आणि त्या जागेवर दाद जाते. मुलांनी घरी खेळायच्या विज्ञान-खेळण्यांकडेही असेच कान देऊन, डोळे लावून पाहता येते. त्यांतही अशी एक जागा असते: एखादे भोक, एखादा अर्धवट काप, न खरवडलेली एखादी बाजू. खेळण्याचे सारे विज्ञान तिथे एकवटलेले असते. ती चुकली की समोर नुसता कचरा उरतो आणि साधली की वस्तू जिवंत होते. अरविंद गुप्ता यांची खेळणी अशा जागांनी भरलेली आहेत. त्यांतली पाच खेळणी इथे सावकाश उलगडून पाहू.

बरेलीत जन्मलेले गुप्ता 1975 साली आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियंता होऊन बाहेर पडले आणि पुण्याच्या टेल्को या वाहन कंपनीत नोकरीला लागले. 1978 मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. तिथे खेड्यांतल्या शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकावे, असा उपक्रम चालू होता. शाळांकडे पैसे नव्हते, पण गावाला आठवड्याचा बाजार होता. त्या बाजारात त्यांना सायकलची व्हॉल्व्हट्यूब दिसली. चाकात हवा भरायच्या तोंडावर बसणारी ही बारीक रबरी नळी हवेला आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही. तिचा आतला व्यास आगकाडीच्या जाडीपेक्षा जेमतेम कमी असतो, त्यामुळे काडी आत सारली की रबर ताणून तिला घट्ट धरते. डिंक, खिळा, दोरा असले काहीच लागत नाही. 1984 साली आलेले त्यांचे पहिले पुस्तक या एका पकडीवर उभे आहे.

कृती साधी आहे. काड्यांच्या टोकांवरचा गूल आधी खरवडून टाकायचा. व्हॉल्व्हट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा आणि दोन्ही तोंडांतून एकेक काडी सारायची. झाला दोन काड्यांचा सांधा. तो हवा तसा वाकतो, म्हणजे मुलाच्या हातात लघुकोन, काटकोन, विशालकोन आणि सरळकोन एकापाठोपाठ येतात. पण खरे सौंदर्य पुढच्या पायरीवर आहे. असे तीन सांधे आणि तीन काड्या जोडल्या की त्रिकोण मिटतो आणि लवचीक रबराच्या त्या तिन्ही सांध्यांतला वाकण्याचा स्वभाव एकदम नाहीसा होतो. आता तो त्रिकोण ढकला, ओढा, तिरका करा, तो आकार सोडत नाही. काड्या सारख्या लांबीच्या असल्यामुळे प्रत्येक कोन 60 अंशांचा झालेला असतो. कोनमापकाची गरजच पडत नाही. तेच सांधे, त्याच काड्या, पण या वेळी चार घेऊन चौरस करा. बोटाचा धक्का लागताच तो कलंडून समभुज चौकोन होतो. त्याला सावरायला एक कर्ण हवा. तो काडीच्या सुमारे 1.4 पट लांब असावा लागतो, म्हणून आगकाडी पुरत नाही आणि केरसुणीच्या हिराचा तुकडा कापून घ्यावा लागतो. तो बसवताच चौरसाचे दोन त्रिकोण होतात आणि डगमग थांबते. विजेच्या तारांचे मनोरे आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैच्या त्रिकोणांनी का भरलेल्या असतात, ते हाताला कळते. ज्या सायकलच्या व्हॉल्व्हमधून ही नळी आली, तिची चौकटही दोन त्रिकोणांचीच असते.

या खेळण्यातली जागा मात्र काट्याच्या टोकावर आहे. दोन काड्यांच्या सांध्याला मधोमध बाभळीच्या काट्याने आडवे भोक पाडायचे आणि त्यात तिसरी काडी खुपसायची. सुईनेही हे जमते, पण बाभळीचा काटा फुकट मिळतो आणि टोकाकडून बुडाकडे जाड होत जात असल्यामुळे भोक हवे तेवढेच मोठे करू देतो. काटा काढला की रबर भोक पुन्हा आवळून घेते, म्हणून तिसरी काडीही तितकीच घट्ट बसते. या एका भोकाने सपाट कागदावरची भूमिती उठून उभी राहते. त्रिकोणाच्या तिन्ही सांध्यांतून तीन काड्या वर येतात, वरच्या चौथ्या सांध्यात भेटतात आणि चार शिरोबिंदू, सहा कडा, चार पृष्ठे असलेला चतुष्फलक तयार होतो. तो तळहातात घेऊन दाबून पाहावा. इतक्या किरकोळ सामग्रीतून एवढा ताठा येतो, याचे नवल वाटत राहते.

दुसरे खेळणे कानासाठी आहे: स्ट्रॉची पिपाणी. पिंपळाच्या पानाची सुरळी करून वाजवणे आपल्याकडे मुलांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. स्ट्रॉची पिपाणी त्याच घराण्यातली, पण जास्त काटेकोर. स्ट्रॉचे एक टोक दोनेक सेंटिमीटर नखाने दाबून चपटे करायचे आणि दोन्ही कडांना तिरका काप देऊन त्याला निमुळते टोक आणायचे. आता तिथे दोन पातळ त्रिकोणी ओठ तयार झाले. आपले ओठ त्या कापाच्या मागे ठेवायचे, म्हणजे स्ट्रॉचे ओठ तोंडाच्या आत मोकळे राहतात. फुंकर मारताच ते भराभर मिटतात आणि उघडतात, आतला हवेचा स्तंभ थरथरतो आणि भसाडा पण ठसठशीत आवाज निघतो. सनईच्या तोंडाशी असलेली पत्ती हेच काम करते. तिथेही दोन पाती आणि मध्ये हवेची फट असते. काप सारखे नसतील किंवा टोक पुरते चपटे नसेल तर नुसता फुसका वारा बाहेर पडतो. मंगलवाद्याचे मर्म असलेली ही दुहेरी पत्ती कात्रीच्या दोन कापांत हाती येते.

आवाज निघाला म्हणून खेळ संपत नाही. रंग इथून भरतो. एकाने पिपाणी वाजवत राहायची आणि दुसऱ्याने तिचे पुढचे टोक कात्रीने थोडे थोडे कापत जायचे. प्रत्येक कापासरशी स्वर चढतो. स्ट्रॉ निम्मी उरली की स्वर जवळपास वरच्या सप्तकात पोहोचतो. आता नीट ऐका. वीस सेंटिमीटरच्या स्ट्रॉचा एक सेंटिमीटर कापला तर स्वर अर्ध्या सुराहूनही किंचित कमी चढतो. तीच स्ट्रॉ आठ सेंटिमीटर उरलेली असताना पुन्हा एक सेंटिमीटर कापला, तर तो पुऱ्या सुराहून जास्त उडी घेतो. काप तेवढाच, उडी मात्र दुप्पटीहून मोठी, कारण कान किती सेंटिमीटर गेले ते मोजत नाही, उरलेल्या लांबीचा कितवा हिस्सा गेला ते मोजतो. सतारीचे पडदे दांडीवर वरून खाली येताना एकमेकांच्या जवळ जवळ का येतात, त्याचे उत्तर यातच आहे. 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली, पण पिपाणी टिकली. कागदी स्ट्रॉ ओल लागली की मऊ पडते, म्हणून भराभर वाजवावी लागते, एवढाच फरक. गुणोत्तर ही पाटीवरची गोष्ट कानात उतरवणारा दुसरा इतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

तिसरे खेळणे उन्हाळ्यातल्या बादलीभर पाण्यासाठी. बारीक स्ट्रॉच्या बरोबर मधोमध बांबूची बारीक काडी आरपार घालायची. काडीपासून दोन्हीकडे तीन-तीन सेंटिमीटरवर स्ट्रॉला काप द्यायचा, पण अर्धाच. मग दोन्ही बाहू खाली दुमडून त्यांची टोके काडीच्या जवळ आणायची आणि चिकटपट्टीने काडीला बांधायची. तोंडे मात्र उघडी ठेवायची. उलटा त्रिकोण तयार होतो: आडवी बाजू वर, निमुळते टोक खाली. ते टोक पाण्यात धरून काडी दोन तळव्यांमध्ये भराभर फिरवली की पाणी तिरक्या बाहूंतून वर चढते आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून गोल फवारा उडतो. मोटर नाही, पंप नाही, तरी बादलीतले पाणी अंगणभर होते. अर्ध्या कापाची करामत इथे पाहण्यासारखी आहे. न कापलेली अर्धी बाजू बिजागरीसारखी वाकते आणि कापलेली बाजू वाकताना बाहेरच्या अंगाला आपोआप उघडते. नळीचा कोपरा आणि फवाऱ्याचे तोंड अशा दोन वस्तू कात्रीच्या एकाच अर्धवट हालचालीतून निर्माण होतात. कारागिरीत काटकसर म्हणतात ती अशी.

पाणी वर का चढते, याचे उत्तर बाहूंच्या तिरकेपणात आहे. फिरणाऱ्या नळीतले पाणी आसापासून दूर जाऊ पाहते. नळी उभी असती तर त्याला दूर जायला वाटच नव्हती. ती तिरकी आहे, त्यामुळे दूर जाणे म्हणजेच वर जाणे होऊन बसते. आणखी एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. टोक पाण्याला जेमतेम टेकवून फिरवले तर कितीही घुमवा, पाणी चढत नाही. आसापाशी पाण्याला बाहेर फेकणारा जोर जवळजवळ नसतोच. त्रिकोण निम्मा बुडवला की नळीतल्या पाण्याची पातळी मुळातच आसापासून दूर, म्हणजे जोर असलेल्या ठिकाणी सुरू होते. निम्मा बुडवलेला, वरचे कोपरे पाण्यापासून पाच सेंटिमीटर उंच आणि आसापासून तीन सेंटिमीटर दूर असलेला त्रिकोण घेतला, तर सेकंदाला सुमारे पाच फेरे पुरतात. मुलाच्या तळव्यांना हे सहज झेपते. वरची बाजू दुप्पट रुंद केली तर निम्म्या वेगातही फवारा उडेल. विहिरीवरच्या विजेच्या पंपात याच तत्त्वाने पाणी फेकले जाते, पण तिथे ते लोखंडी कवचाच्या आत घडते. इथे ते आपल्या अंगावर उडते.

चौथे खेळणे शांत आहे आणि पाहणाऱ्याला सर्वांत जास्त चकवते. जुन्या हवाई चपलेच्या रबरी तळव्यात खाचा पाडून चार गोल कडीचुंबके उभी बसवायची, पुढे दोन आणि मागे दोन. तेवढ्याच अंतरावर दोन कडीचुंबके पेन्सिलीत ओवायची, अशी की खालच्या चुंबकांनी त्यांना दूर ढकलावे. समोर एक निकामी सीडी उभी करायची. पेन्सिलीचे टोक सीडीला टेकवून हात काढून घेतला की पेन्सिल हवेत तरंगत राहते. तिला बोटाने गिरकी दिली तर ती कितीतरी वेळ फिरत राहते, कारण तिला घासणारा बिंदू एकच असतो. पाहणारा तरंगण्यावर खूश होतो. जाणकाराची नजर मात्र त्या टेकलेल्या टोकावर जावी. टोक टेकवल्याशिवाय हे जमत नाही का? मुलेही बहुधा हाच प्रश्न विचारतात आणि सीडी काढून बघतात. पेन्सिल तत्क्षणी सटकते. चुंबकांची जागा कितीही बदला, ती सटकतेच.

यात हाताचा दोष नाही. नुसत्या स्थिर चुंबकांच्या ढकलण्या-ओढण्यावर कुठलेही चुंबक हवेत स्थिर ठेवता येत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी 1842 साली गणिताने दाखवले. एका दिशेला तोल सावरला की दुसऱ्या दिशेला तो हटकून सुटतो. इथे शेजारी शेजारी बसवलेली चुंबकांची जोडी पेन्सिलीला उजवी-डावीकडे सावरते आणि खालून उचलूनही धरते. तोल सुटतो तो लांबीच्या दिशेने. रचनाकाराने हा अटळ दोष ओळखून त्यालाच कामाला लावले आहे. पेन्सिलीवरची चुंबके खालच्या चुंबकांच्या बरोबर डोक्यावर न ठेवता सीडीच्या बाजूला किंचित पुढे सरकवलेली असतात, त्यामुळे घसरण्याची ओढ नेहमी सीडीकडेच राहते आणि सीडी ती पेलते. निसर्गाने नाकारलेली एक दिशा भिंतीला सोपवायची आणि बाकीच्या चुंबकांकडून वसूल करायच्या, हा तोडगा चपलेच्या तुकड्यात पाहायला मिळावा, याला दाद द्यावी तेवढी थोडी. (कडीचुंबके मोठी असतात. नखाएवढी प्रखर चुंबके मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ती गिळली गेली तर आतड्याला इजा होते.)

आता या साऱ्यांतले सर्वांत नेटके खेळणे: विजेची मोटर. सामान म्हणजे टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबमधून आडवे कापलेले रुंद रबर, एक चुंबक आणि एनॅमलचा लेप दिलेली सुमारे मीटरभर तांब्याची तार, जी मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळते. तार सेलभोवतीच गुंडाळून दहा-एक वेढ्यांचे कडे करायचे. म्हणजे साचाही वेगळा शोधावा लागत नाही. तारेची दोन टोके समोरासमोर बाहेर काढून कडे त्यांवर तोलायचे. सेलच्या दोन्ही तोंडांना एकेक सेफ्टी पिन रबराने आवळून उभी करायची. तिचे डोळे म्हणजे कड्याच्या आसाचे आधार आणि वीज आत नेणारी वाटही तीच. सेलच्या पाठीवर चुंबक ठेवायचे. प्रत्येक वस्तू दोन दोन कामे करते आहे: सेल ऊर्जा देतो आणि बैठकही होतो, पिना खांब होतात आणि तारा होतात, रबर बांधते आणि जोडणी पक्की दाबून धरते. यातून एक वस्तू कमी करायची म्हटली तर ती सापडत नाही.

शेवटी तारेच्या टोकांवरचा लेप ब्लेडने खरवडायचा, आणि इथे ती जागा येते. लेप तीन बाजूंनीच खरवडायचा. कडे उभे धरले असता तारेची जी बाजू खाली येते, तेवढी चौथी बाजू जशीच्या तशी ठेवायची. मुले घाईत चारही बाजू लख्ख करतात. जास्त खरवडले तर जास्त वीज जाईल, हा त्यांचा हिशोब. मग कडे बहुधा थरथरते, अर्धे वळते, मागे फिरते आणि थांबते. कारण सोपे आहे. कड्यातून वीज गेली की ते स्वतः चुंबक होते आणि खालच्या चुंबकाच्या ओढीने वळते. पण अर्धा फेरा झाला की कड्याची बाजू पालटलेली असते, म्हणून तीच ओढ आता उलट दिशेला खेचू लागते. लेप शाबूत असलेली चौथी बाजू नेमक्या त्या क्षणी, उलटी ओढ सर्वांत जोरात असते तेव्हा, पिनेवर येते आणि वीज तोडते. कडे अंगच्या वेगाने तो भाग ओलांडते, पुन्हा उघडे तांबे पिनेला टेकते आणि पुढचा धक्का मिळतो. कारखान्यातल्या मोटरीत हे काम कम्युटेटर नावाचा वेगळा भाग करतो. इथे त्यासाठी कुठलाही भाग जोडलेला नाही. एक बाजू खरवडायची राहू दिली आहे, बस्स. न केलेल्या कामातून यंत्र चालवणारी ही रचना मला या साऱ्या कलेचा उत्कर्षबिंदू वाटते. चुंबक उलटे ठेवले तर कडे उलट फिरते, सेलची तोंडे बदलली तरी उलट फिरते आणि दोन्ही एकदम बदलले तर मूळ दिशेलाच फिरते. ही तिसरी गोष्ट मुलाला आधी सांगू नये.

ही खेळणी सांगण्याची रीतही त्यांच्या घडणीला साजेशी आहे. गुप्ता यांच्या पुस्तकांत क्रमाने काढलेली रेखाचित्रे असतात आणि त्यांना जोडून मोजके शब्द. हात किती दाखवायचा आणि काप कुठे थांबवायचा, ते चित्रातच ठरलेले असते. 2003 ते 2014 या काळात पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अशोक रूपनर आणि विदुला म्हैसकर यांच्यासह त्यांनी हीच खेळणी छोट्या छोट्या चित्रफितींत उतरवली, आणि त्या मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहेत. 2018 साली गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. पुस्तके आणि चित्रफिती त्यांनी आपल्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतील अशा ठेवल्या आहेत. कल्पना झाकून ठेवली नाही की तिचे काय होते, ते पाहायचे तर त्या खेळण्यांची कुठकुठल्या मुलांनी केलेली रूपे पाहावीत. एकाने सेफ्टी पिनेऐवजी पेपर क्लिप वाकवलेली असते, दुसऱ्याने व्हॉल्व्हट्यूब मिळाली नाही म्हणून दुसरीच बारीक नळी वापरलेली असते, आणि मूळ जागा मात्र शाबूत असते.

घरी मुलासाठी यांतले एखादे करायला बसाल, तेव्हा एवढेच करा. मोटरीची तार आधी मुलाच्या हाती द्या आणि त्याला चारही बाजू हौसेने खरवडू द्या. कडे थरथरून थांबेल. उत्तर सांगू नका. दुसरी तार द्या, ब्लेड मात्र तुमच्या हाती ठेवा आणि कुठली बाजू खरवडायची ते त्याला बोट ठेवून दाखवायला सांगा. दोन बाजू, एक बाजू, मग तीन, असे करत ते चौथ्या बाजूपाशी येईल, आणि त्या वेळी कम्युटेटर त्याने स्वतः शोधलेला असेल. गुप्ता यांच्या प्रत्येक खेळण्यात कारागिराने अशी एक बाजू मुलासाठी शिल्लक ठेवली आहे. मोठ्यांचे काम ती शिल्लक राहू देण्याचे आहे.